हुमणीच्या शिवारात हिरवी बुरशी

उसाची पाने पिवळी पडली, बेट नुसते ओढले तरी उपटून हातात आले आणि खालच्या मातीत अर्धगोल वळलेली जाडजूड पांढरी हुमणी अळी दिसली, की कोल्हापूर जिल्ह्यातला शेतकरी कृषी सेवा केंद्राची वाट धरतो. हे बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात घडते. त्या वेळी दुकानातून तो जे काही आणतो, रासायनिक असो की जैविक, त्याचा फारसा उपयोग होत नाही. अळी तोवर तिसऱ्या अवस्थेत पोचलेली असते, मुळ्या खाऊन झालेल्या असतात आणि ऊस डोक्याच्या वर गेल्याने आत शिरणेही मुश्कील असते. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी हा या पुस्तिकेचा विषय. ती बऱ्याच शिवारांत नेमकी याच वेळी विकत घेतली जाते, याच वेळी आळवली जाते आणि मग 'जैविकात काही दम नाही' असा शेरा घेऊन बाजूला पडते. प्रस्तावनेची सुरुवात तक्रारीने करू नये असा संकेत आहे. पण या विषयात बुरशीच्या गुणदोषांपेक्षा पंचांगाचा घोळ मोठा आहे, आणि तो आधी निस्तरल्याशिवाय पुढची पाने वाचून हाती काही लागणार नाही.

पंचांग हुमणीचे आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला, जमीन भिजली, की मे-जूनमध्ये भुंगेरे संध्याकाळी मातीतून बाहेर पडतात. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, मिलन होते आणि उजाडायच्या आत पुन्हा जमिनीत शिरतात. मादी सरासरी 60 अंडी घालते. साधारण दोन आठवड्यांत अंड्यांतून अळ्या निघतात. पहिल्या अवस्थेतली अळी सेंद्रिय पदार्थ आणि कोवळ्या तंतुमुळ्यांवर जगते. तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही, कारण पीक तोवर हिरवेगार असते. पुढे ती वाढते, कात टाकते आणि तिसऱ्या अवस्थेत जाड मुळ्यांवर उतरते. अळीची एकूण अवस्था पाच ते सात महिन्यांची. त्यानंतर ती खोल जाऊन कोष करते आणि पुढच्या वळवाची वाट पाहत भुंगेरा जमिनीतच पडून राहतो.

हे वर्णन होलोट्रॅकिया सेरेटा या जातीचे, म्हणजे माळावरच्या हुमणीचे. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला दुसरी एक जात जास्त छळते, ती नदीकाठची हुमणी, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. पंचगंगा, वारणा, कृष्णा यांच्या काठच्या भारी, ओल धरणाऱ्या जमिनीत तिचे बस्तान आहे. तिचा भुंगेरा माळावरच्या भावंडासारखा कडुनिंबावर पाला खात बसत नाही. त्यामुळे झाडे हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात गोळा करायची सामुदायिक मोहीम माळावर जितकी फळते तितकी करवीर, शिरोळ, हातकणंगल्याच्या नदीकाठी फळत नाही. तिथे लढाई जमिनीतच लढावी लागते. बुरशीचा विचार कोल्हापुरात इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त गांभीर्याने व्हायला हवा, असे मला वाटते ते या एका कारणासाठी. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इथल्या कृषी महाविद्यालयात हुमणीसारख्या जमिनीतल्या किडींवर काम करणाऱ्या अखिल भारतीय प्रकल्पाचे केंद्र आहे, तेही काही योगायोगाने नाही.

जमिनीतली लढाई आपण आजवर पावडर आणि दाणेदार औषधांनी लढलो. एक अख्खी पिढी बीएचसीच्या पांढऱ्या पावडरीवर वाढली. गंधाने डोके भणभणायचे, पण पोते फोडून ती हाताने विसकटणारे लोक आजही गावोगाव भेटतील. 1997 साली तिच्यावर बंदी आली. मग फोरेट आले, ज्याला सगळे थायमेट म्हणत. 2018 च्या आदेशानुसार 31 डिसेंबर 2020 पासून तेही बंद झाले. दरम्यान 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा कीटकनाशकांचा हिशेब पहिल्यांदा राज्यभर चर्चेला आला. नवी रसायने आहेत आणि वेळेवर, मात्रेत वापरली तर ती काम करतात. ते नाकारून बुरशीची महती गाण्यात मला रस नाही. पण ज्या मातीतून आपण खोडवा, निडवा असे तीन-चार वर्षे एकच पीक घेतो, त्या मातीत दरवर्षी विष ओतून पुन्हा दरवर्षी हुमणी येत असेल, तर दुसरी वाट पाहणे भाग आहे.

दुसरी वाट नवी मात्र नाही. इटलीतल्या लोदी गावच्या अगोस्तिनो बास्सी याने 1835 मध्ये रेशीमकिड्यांना मारणारा पांढरा रोग सूक्ष्म बुरशीमुळे होतो हे सिद्ध केले. पाश्चर आणि कॉख यांच्या कितीतरी आधी, सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे दाखवणारा हा पहिला पुरावा. त्याच्या नावावरून बुरशी बॅसियाना झाली, आज दुकानात मिळते ती ब्युव्हेरिया बॅसियाना. 1879 मध्ये ओडेसाजवळ इल्या मेचनिकोव्ह गव्हाचे नुकसान करणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या तपासत होता. तो भुंगेरा आपल्या हुमणीचाच भाऊबंद, त्याचे नाव अनिसोप्लिया. मेलेल्या अळ्यांवर हिरवी पूड धरलेली त्याने पाहिली आणि ही बुरशी मुद्दाम वाढवून शेतात सोडता येईल का, असा प्रश्न विचारला. तीच आपली मेटारायझियम अनिसोप्लिए. पाचेक वर्षांत त्याच भागात क्रासिल्श्चिक याने ती कारखान्यासारखी वाढवायला घेतली, तीही बीटावरच्या सोंडे किडीसाठी. जगात किडीसाठी बुरशीचे पहिले मोठे उत्पादन झाले ते साखरेच्या पिकासाठी, ही गोष्ट आमच्या कारखानदारांना अजून कोणी सांगितलेली दिसत नाही. मेचनिकोव्ह पुढे वेगळ्याच वाटेने गेला. पाण्यातल्या डॅफ्निया नावाच्या सूक्ष्म प्राण्याच्या शरीरात शिरलेले बुरशीचे बीजाणू त्याच्या पेशी गिळून टाकतात हे त्याने पाहिले. रोगप्रतिकारशक्तीवरच्या अशा कामासाठी 1908 चे नोबेल त्याला पॉल एरलिखबरोबर विभागून मिळाले. एकच माणूस बुरशी कीड कशी मारते याचाही विचार करत होता आणि प्राणी बुरशीला कसा परतवतो याचाही.

हा दुसरा प्रश्न हुमणीच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. पानावरची अळी उन्हात, वाऱ्यात जगते. हुमणी मातीत, असंख्य बुरश्या आणि जिवाणूंच्या गर्दीत जन्म काढते. त्यांच्याशी झगडण्याची तयारी तिच्या अंगात पिढ्यान्पिढ्या मुरलेली आहे. म्हणून मावा किंवा पांढरी माशी जितक्या सहज बुरशीला बळी पडते तितकी हुमणी पडत नाही, आणि तिसऱ्या अवस्थेतली तर नाहीच नाही. उत्पादनाच्या जाहिरातीत हे वाक्य सापडणार नाही.

मेटारायझियम मारते कसे, ते इथे थोडक्यात सांगतो, सविस्तर वर्णन पुढे आहेच. ती खावी लागत नाही. बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो आणि कातडीवर घट्ट बसून प्रथिने व कायटिन विरघळवणारी विकरे सोडतो. कातडी भेदून तंतू आत शिरतो, अळीच्या रक्तात वाढतो आणि डिस्ट्रक्सिन नावाची विषे तयार करतो. लहान अळी आठ-पंधरा दिवसांत मरते, मोठीला महिनाही लागतो. मेल्यावर अंग कडक होते, त्यावर आधी पांढरी साय धरते, मग ती हिरवी होते. त्या हिरव्या पुडीतला कण न् कण म्हणजे नवा बीजाणू. ब्युव्हेरियाने मेलेला किडा शेवटपर्यंत पांढराच राहतो.

आता थोडा हिशेब, कारण शिफारशी सगळीकडे लिहिलेल्या असतात पण त्यामागचे गणित कोणी मांडत नाही. चांगल्या पावडरीत ग्रॅमला किमान 10 कोटी जिवंत बीजाणू असावे लागतात. हेक्टरी 20 किलोची मात्रा धरली तर चौरस मीटरला 20 कोटी येतात. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या मातीत सारखे मिसळले असे समजा. त्या चौरस मीटरखाली अडीचशे किलोच्या आसपास माती असते. म्हणजे ग्रॅम मातीत बीजाणू उरतात हजाराच्याही आत. प्रयोगशाळेत अळ्या भराभर मरतात त्या ग्रॅममागे लाखांच्या घरात बीजाणू असताना. सगळ्या रानात पावडर विसकटून टाकणे म्हणूनच पैसे वाया घालवणे आहे. बुरशी सरीत, बेटाच्या बुडाशी, जिथे अंडी-अळ्या असतील त्या पट्ट्यात गेली पाहिजे. लागणीत भरणीच्या वेळी मातीआड होणारे खत हा तिचा उत्तम वाहक आहे आणि ठिबक असेल तर द्रवरूप बुरशी मुळाजवळ नेणे सोपे जाते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने ब्युव्हेरिया, व्हर्टिसिलियम आणि मेटारायझियम यांचे 'बीव्हीएम' हे द्रवरूप मिश्रण दिले, त्याची आळवणी ऊसपट्ट्यात बऱ्याच जणांच्या परिचयाची आहे.

शेणखतात मिसळून ठेवली की बुरशी विरजणासारखी आपोआप वाढत जाईल, ही समजूतही पुरती खरी नाही. मेटारायझियम खतातल्या इतर बुरश्यांपुढे स्पर्धेत फार तगडी नाही. ताज्या, तापलेल्या शेणखतात तर ती जळूनच जाते. पस्तीस अंशांच्या पुढे तिची वाढ जवळजवळ थांबते. खत पूर्ण कुजलेले, गार, हाताला ओल लागेल इतके दमट आणि सावलीत असावे. त्यात काही दिवस ठेवलेली बुरशी निदान जिवंत राहते आणि अळीच्या खाण्याच्या जागी पोचते, एवढा फायदा पुरेसा आहे. तिची खरी वाढ दोन ठिकाणी होते, मेलेल्या किड्याच्या अंगावर आणि मुळांच्या भोवती. मुळांशी तिचे नाते तर विलक्षण आहे. ती मुळांवर वस्ती करते आणि मारलेल्या किड्यातला नत्र झाडाला पुरवते हे 2012 मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. कीड झाडाचे खाते, बुरशी किडीला खाते आणि त्यातले काही परत झाडाला देते. नुसते कीटकनाशक म्हणून तिच्याकडे पाहणे मला तोकडे वाटते ते यामुळे.

इथून पाचटाकडे वळावे लागते. तोडणी झाली की पाचट पेटवायचे, ही सवय सुटता सुटत नाही. रान मोकळे दिसते, खोडव्याला पाणी द्यायला सोपे जाते, उंदीर-किडे मरतात असेही सांगतात. पण पेटलेल्या फडात वरच्या थरातली ओल, सावली आणि सेंद्रिय पदार्थ एकदमच जातात, आणि बुरशीला हे तिन्ही हवे असतात. ऊन तर तिचा पहिला शत्रू. अतिनील किरणांत बीजाणू काही तासांत निकामी होतो. पाचट एकाआड एक सरीत ठेवून कुजवणाऱ्याच्या रानात बुरशी टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त. मशागतीचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. खोल नांगरट केली की अळ्या-कोष उघड्यावर येतात, नांगरामागे बगळे-कावळे त्या वेचतात, हा जुना आणि खरा उपाय आहे. कोल्हापूरचेच प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीशिवाय शेतीचा आग्रह धरला, मातीतल्या जीवांची घडी मोडू नये असे मांडले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की लागणीपूर्वी हुमणी असलेले रान नांगरावे आणि खोडव्यात, जिथे नांगर घालताच येत नाही, तिथे बुरशीवर भर द्यावा. ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांनी तो जरूर मांडावा.

जिवंत मित्रांच्या जोरावर कीड आटोक्यात येते, हे या भागाने एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. 2002 मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात पसरला. पानांच्या मागे कापूस पिंजल्यासारखे थर, खाली काळी काजळी. उंच उसात फवारायचे कसे, हाच मोठा प्रश्न होता. शेवटी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी तो मावा खाऊन संपवत आणला. त्यांच्या अळ्या असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन लावणारे शेतकरी होते, कारखान्यांचे शेतकी खाते होते, शास्त्रज्ञ होते. त्या वेळी कोणी 'जैविकात दम नाही' असे म्हटल्याचे आठवत नाही. फरक इतकाच की डिफाची अळी मावा खाताना दिसते. बुरशीचे काम मातीखाली चालते.

अर्थात तेही अधूनमधून दिसते. ऑगस्ट-सप्टेंबरात झिमझिम पाऊस आणि ढगाळ हवा सलग राहिली, की सोयाबीनच्या शेंड्याला चिकटून ताठ झालेल्या अळ्या सापडतात, पांढुरक्या, मग फिकट हिरव्या. ही नोमुरिया रिलाई, आताच्या वर्गीकरणात तीही मेटारायझियमच्याच कुळात गेली आहे. तंबाखूची पाने खाणारी स्पोडोप्टेरा अळी ती अशी मारते की एखाद्या वर्षी फवारणीची गरजच उरत नाही. ही बुरशी विकत आणून कोणी टाकलेली नसते. 2018 मध्ये कर्नाटकातून मक्यावर आलेल्या लष्करी अळीवरही ती सापडली. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडची दमट हवा या बुरश्यांना मानवणारी आहे. शिरोळच्या कोरड्या बाजूला तोच परिणाम मिळेलच असे नाही.

मोठ्या प्रमाणावर हे जमते का, या प्रश्नाला ब्राझीलचे उत्तर आहे. तिथे उसाच्या मुळ्यांवर जगणाऱ्या रसशोषक किडीवर दरवर्षी वीस लाख हेक्टरपेक्षा जास्त क्षेत्रात मेटारायझियम वापरले जाते. बुरशी तांदळावर वाढवतात आणि तो तांदूळच शेतात टाकतात. आपल्याकडेही काही कारखान्यांच्या प्रयोगशाळांत आणि बचत गटांत तांदळा-ज्वारीवर बुरशी वाढवली जाते. तत्त्व सोपे आहे, स्वच्छता राखणे अवघड. काळी किंवा भडक पिवळी बुरशी धरलेला दाणा शेतात टाकू नये, टाकून द्यावा.

दुकानातून घेताना उत्पादनाची तारीख, नोंदणी क्रमांक आणि बीजाणूंची संख्या पाहावी. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिनाभर पडलेले पाकीट फुकट मिळाले तरी घेऊ नये. कार्बेन्डाझिम, मॅन्कोझेब यांसारख्या बुरशीनाशकांबरोबर एकाच टाकीत ती ओतणे म्हणजे तिला मारूनच शेतात नेणे. बेणेप्रक्रियेला बुरशीनाशक वापरले असेल तर मध्ये पुरेसे दिवस जाऊ द्यावेत. सगळीच रसायने मात्र तिची वैरी नाहीत. इमिडाक्लोप्रिडची थोडी मात्रा मिळाली की अळी सुस्त होते, अंगावरचे बीजाणू झटकत नाही आणि बुरशीला वाव मिळतो, असे प्रयोगांत दिसले आहे. कीड मारणाऱ्या सूत्रकृमींचा, हेटेरोऱ्हॅब्डायटिसचा, विचारही याच अंगाने व्हावा. माणसाला या बुरश्यांपासून सहसा धोका नाही, पण पूड नाकात गेली तर दम्याच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो, तेव्हा तोंडाला फडके बांधावे. आणि बास्सीचे रेशीमकिडे विसरू नयेत. तुतीच्या मळ्याच्या आसपास ब्युव्हेरिया फवारणे शेजाऱ्याचा संसार बुडवणारे ठरेल.

शेजाऱ्याचा मुद्दा हुमणीतही आहे. भुंगेरा बांध ओळखत नाही. एका एकरात नेटाने बुरशी वापरली आणि भोवतालचे वीस एकर तसेच राहिले, तर पुढच्या वळवाला भुंगेरे पुन्हा येणारच. एका पाणीपुरवठा संस्थेखालचे क्षेत्र किंवा कारखान्याचा एक गट हे निदान एकक धरले पाहिजे. साखर कारखान्यांकडे माणसे आहेत, नोंदी आहेत, कोणत्या गटात गेल्या वर्षी हुमणी होती याची माहिती आहे. गुळाच्या उसालाही अशा नोंदी लागतील. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, पण गुऱ्हाळापर्यंत येणारा ऊस कोणत्या औषधांवर वाढला हे विचारणारा ग्राहक आता येऊ लागला आहे.

या पुस्तिकेत हुमणीची ओळख, बुरशीची ओळख, जमिनीतला वापर आणि उत्पादनाची तपासणी अशी प्रकरणे ओळीने आहेत. तशी ती वाचावीत. ज्यांचा आडसाली ऊस जुलैत लागायचा आहे त्यांनी मात्र जमिनीतल्या वापराचे तिसरे प्रकरण आधी वाचावे आणि खत भिजवायला सावलीची जागा आताच ठरवून ठेवावी. ज्यांचा खोडवा उभा आहे त्यांना जूनचा दुसरा-तिसरा आठवडा, वापसा आल्याबरोबरची संध्याकाळ, हीच वेळ आहे.